शॉक बदलण्याआधी रिंग कुठे थांबते ते बघ

प्रश्न : काका, माझी फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकवाली सायकल आहे, 140 मिमी ट्रॅव्हलची (चाक तेवढं वर-खाली होतं). मागे साधा एअर शॉक, म्हणजे हवेवर धक्के झेलणारा, 210 बाय 50. हेल्मेट, बॅग धरून माझं वजन 76 किलो. यवतेश्वराच्या बाजूने उतरताना दगडी पायरीवरून उडी घेतली की मागून धाडकन आवाज येतो. दहा मिनिटं सलग उतरलो की मागचं चाक घोड्यासारखं उसळायला लागतं. आपटू नये म्हणून हवा कमी केली, तर जास्तच आपटतंय. नुसता सायकलवर उभा राहिलो तरी शॉकवरची रबरी रिंग 20 मिमीवर जाते. सायकल तीन वर्षांची आहे, शॉक कधीच उघडलेला नाही. मित्र म्हणतात, सरळ 230 बाय 65 चा कॉइल, म्हणजे स्प्रिंगवाला शॉक टाक. 50 हजार साठवलेत. घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नको घेऊस. 230 चा तर फुकट मिळाला तरी नको.

210 म्हणजे शॉकच्या दोन टोकांच्या बोल्टांमधलं अंतर, आणि 50 म्हणजे तो जास्तीत जास्त किती दबतो ते. तुझ्या फ्रेममध्ये शॉक 50 मिमी दबला की चाक 140 मिमी वर येतं, म्हणजे सरासरी 2.8 पट. लांबीलाही हाच हिशेब. 20 मिमी लांब शॉक समजा बसलाच, तर सायकलचा मागचा भाग साधारण 56 मिमी उचलला जाईल आणि पुढच्या फोर्कचा कोन अडीचेक अंशांनी उभा होईल. उतारावर तू आधीच पुढे ओढला जात असतोस. त्यात सायकलनेही मागून रेटलं, तर पुढच्या पायरीला तू हँडलवरून पलीकडे.

मी फार शहाणा आहे असं नाही. एकदा लांबी तीच ठेवून 50 ऐवजी 55 मिमी दबणारा शॉक टाकला होता. म्हटलं, पाच मिमीने काय होतंय! चाकाशी त्याचे 14 होतात, आणि टायर व सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) यांच्यामध्ये तेवढी फटच नव्हती. कमरेएवढ्या बांधावरून खाली आलो, शॉक पूर्ण दबला, टायर ट्यूबला घासला आणि कुणीतरी मागचा ब्रेक करकचून दाबावा तसं चाक अडलं. कोपर सोलून निघालं. टायरच्या दातांचे काळे ओरखडे फ्रेमवर अजून आहेत, मुद्दाम पुसलेले नाहीत. शॉकमधली हवा पूर्ण सोडून, तो तळापर्यंत दाबून फट बघायला दोन मिनिटं लागली असती.

आता तुझं दुखणं. 50 पैकी 20 मिमी तू नुसता उभा राहिल्यावरच खर्च होतात. म्हणजे 40 टक्के सॅग (नुसत्या वजनाने होणारी दब). पायरी यायच्या आधीच जवळजवळ अर्धा शॉक संपलेला, मग आपटेल नाही तर काय? तुझ्यासारख्या सायकलला उतारासाठी 30 टक्के पुष्कळ झाले, म्हणजे रिंग 15 मिमीवर थांबायला हवी. बूट, बॅग, सगळं अंगावर चढवून पेडलवर उभा राहा आणि शॉक पंपाने दहा-दहा पीएसआय वाढवत जा. दर वेळी शॉक आठ-दहा वेळा सावकाश दाबायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. हवा वाढली की परत उसळीही वाढते, म्हणून रिबाउंड, म्हणजे शॉक परत उघडण्याचा वेग, एक-दोन क्लिक हळू कर. एवढं करूनही मोठ्या उडीला आपटला, तर एअर कॅनमध्ये, म्हणजे शॉकच्या हवेच्या डब्यात, प्लॅस्टिकचा एक स्पेसर वाढव. सुरुवातीचा मऊपणा फारसा जात नाही, शेवटाला मात्र शॉक घट्ट होतो. एका वेळी एकच.

चाक घोड्यासारखं उसळण्याचं कारण मला उष्णता वाटते. शॉकचं कामच हिसक्याची उष्णता करायचं. साध्या शॉकमध्ये तेल कमी असतं, ते तापून पातळ होतं आणि रिबाउंडची पकड सुटते. उष्णतेची ही कटकट या खेळात पहिल्यापासूनची. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात जुन्या जाडजूड सायकली घेऊन पोरं एका डोंगरावरून शर्यत लावायची, तेव्हा एका उतरणीत हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचा. खाली आलं की हब खोलून नवं ग्रीस भरायचं, म्हणून त्या वाटेचं नावच ‘रिपॅक’ पडलं. तू तर तीन वर्षांत एकदाही खोललेलं नाहीस! शॉक बनवणारी रॉकशॉक्स कंपनी आपल्या एअर कॅनची सर्व्हिस दर 50 तासांनी करायला सांगतं. आपल्याकडच्या मुरमात आणि पावसाळी चिखलात मी त्याच्याही आधी उघडतो. आतलं ग्रीस करडं झालेलं असतं, दोन बोटांत चोळलं की बारीक कच लागते. ती कच रोज सील खात असते.

कॅन उघडण्याआधी हवा पूर्ण सोडायची. यात चालढकल नको, नाहीतर कॅन तोंडावर येईल. नायट्रोजन भरलेल्या डँपरला (शॉकच्या तेलाच्या भागाला) मात्र हात लावू नकोस, तो जाणत्या मेकॅनिककडेच दे.

एवढं करूनही लांब उतरणीत उसळला, तर मग पैसे काढ. पण 210 बाय 50 मध्येच, पिगीबॅकवाला, म्हणजे बाजूला तेलाची जादा डबी असलेला एअर शॉक घे. फॉक्सचा फ्लोट एक्स किंवा रॉकशॉक्सचा सुपर डिलक्स बघ. बाजूच्या डबीमुळे तेल जास्त मावतं, तापायला वेळ लागतो. कॉइल मला स्वतःला आवडतो, बारीक खडीवर त्याच्यासारखं चाक जमिनीला दुसरं कशाने चिकटत नाही. पण शेवटी घट्ट होणं त्याच्या स्वभावात नाही, ते फ्रेमच्या लिंकेजला, म्हणजे चाक आणि शॉक जोडणाऱ्या सांध्यांना करावं लागतं. कंपनी तुझ्या फ्रेमला कॉइल चालतो म्हणते का, ते आधी विचार. आणि तुझ्या वजनाला माझ्या हिशेबाने 475 पौंडांच्या आसपासची स्प्रिंग लागेल. दुकानात बहुतेकदा 450 नाहीतर 500 मिळते. चुकली तर दुसरी विकत घ्यायची. हवेचं तसं नाही, पंप मारला की झालं.

प्रश्न : दादा, मुलाची पुढे-मागे स्प्रिंगवाली सायकल आहे, 12 हजारांची. मागची स्प्रिंग बदलून भारी शॉक बसवा म्हणून हट्ट धरलाय. तो डोंगरावर नेतो. काय करू? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, बसवू नका. अशा सायकलीत मागे बहुतेकदा नुसती स्प्रिंग असते, तिला आवरायला तेल नसतं. भारी शॉक घातला तरी फ्रेम तीच राहते. सीट घट्ट धरून मागचं चाक आडवं हलवून बघा. खटखट वाजलं तर सांध्यातले बुश गेलेत, ते आधी बदला. शॉकचे पैसे बाजूला ठेवा, त्यात थोडी भर घालून नंतर हार्डटेल, म्हणजे फक्त मागे स्प्रिंग नसलेली, डिस्क ब्रेकची सायकल घेता येईल. तोवर उड्या मारू नकोस म्हणून सांगा. ऐकणार नाही, माहीत आहे. निदान ब्रेकचे रबर आजच नवे घालून घ्या.