फवारणीआधी पान उलटून पाहा : भाजीपाला आणि परसबागेतील किडींविषयी सल्ला

रासायनिक औषधे बंद केलेल्या किंवा करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांचे बरेच प्रश्न आले आहेत. पिके वेगळी असली तरी बहुतेकांना एकच हवे आहे : रासायनिक नको, मग त्याऐवजी काय फवारू? माझे म्हणणे असे, की आधी कीड कोणती ते ओळखा. निम्म्याहून अधिक वेळा फवारणीची गरजच पडत नाही.

चवळी आणि मिरचीच्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आहे. दोनदा निंबोळी अर्क मारला, पण आठवड्यात पुन्हा तेवढाच दिसतो. मात्रा वाढवू का?

वाढवू नका. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि उबदार हवेत ते पिल्लू साधारण आठवडाभरात स्वतः पिल्ले देऊ लागते. त्यामुळे फवारणीतून थोडा जरी मावा सुटला तरी तो लवकरच पुन्हा पूर्ववत होतो. त्याच्या शत्रूंची वाढ मात्र सावकाश होते, आणि वारंवारच्या फवारणीत आधी तेच मरतात.

हे शत्रू ओळखायला शिका. लालसर-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा बहुतेकांना माहीत असतो. त्याची अळी ओळखू येत नाही. ती लांबट, काळपट, अंगावर नारिंगी डाग असलेली आणि चपळ असते. दिसायला भयंकर असल्याने लोक नेमकी तीच चिरडतात. प्रत्यक्षात पूर्ण वाढ होईपर्यंत ती शेकडो मावे खाते. पानावर बारीक दोऱ्याच्या टोकाला एकेक अंडे उभे दिसले तर ते क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीचे, त्यालाही हात लावू नका. फुगलेला, सोनेरी-तपकिरी, जागचा न हलणारा मावा दिसला तर त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीचे पिल्लू वाढत असते. यांपैकी काहीही दिसले तर साबणाचे पाणीसुद्धा मारू नका, चार-पाच दिवस थांबा.

एक अपवाद सांगतो. वांगी, काकडीवर्गीय वेल यांवर मळकट तांबूस रंगाचा, अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा येतो. तो ढालकिड्याचाच भाऊबंद, पण पाने खातो. त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते आणि पान खरवडून त्याची जाळी करते. तो आणि त्याची पिवळी, उभी अंडी वेचून नष्ट करा.

आता मुंग्या पाहा. मावा जो गोड चिकटा टाकतो तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा. झाड मोठे असल्यास खोडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा. आणि युरिया किंवा ताजे, न कुजलेले शेणखत जास्त पडले असेल तर कोवळी, रसाळ फूट वाढते, मावा तिथेच जमतो. पुढचा नत्राचा हप्ता थांबवा. शेंडे फारच भरले असतील तर तेवढे खुडा आणि बाकीचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खाली पाडा. पडलेल्या माव्यापैकी फार थोडा पुन्हा वर चढतो.

निंबोळी अर्क नेमका कसा करावा?

दहा लिटर फवारणीसाठी अर्धा किलो वाळलेली, बुरशी न लागलेली निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून फडक्यातून गाळा, एकूण दहा लिटर करा आणि अर्क पानावर पसरावा म्हणून सुमारे २० ग्रॅम साबण विरघळवून घाला. हा झाला ५ टक्के अर्क. त्याच दिवशी संपवा, कारण उन्हात त्यातला गुण लवकर जातो. म्हणूनच संध्याकाळी फवारायचे, तेही पानांच्या खालून. आधी एका झाडावर मारून दोन दिवस पाहिलेले बरे, कोवळी पाने कधी कधी करपतात.

किडी लगेच मेल्या नाहीत म्हणून अर्क वाया गेला असे समजू नका. तो किडीचे खाणे आणि कात टाकणे बिघडवतो, परिणाम दिसायला दिवस लागतात. लहान अळ्यांवर चांगला चालतो. बोटाएवढी झालेली अळी त्याला फारशी दाद देत नाही. ती हाताने वेचणेच सोपे.

तंबाखूचा काढा चालेल का? तोही वनस्पतीचाच.

मी सुचवणार नाही. त्यातील निकोटिन हे तीव्र विष आहे, कातडीतूनही शरीरात जाते, आणि मित्रकिडींनाही सोडत नाही. शिवाय तंबाखू हाताळलेल्या हातांवाटे टोमॅटो-मिरचीच्या रोपांना विषाणूची लागण होऊ शकते.

वांग्याचे शेंडे सुकतात, फळात अळी निघते.

फळात शिरलेल्या अळीसाठी पानांवर फवारणी म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. माना टाकलेले शेंडे दर आठवड्याला थोडे खालून कापून अळीसह नष्ट करा, छिद्र पडलेली फळे झाडावर ठेवू नका. हे काम कंटाळवाणे आहे, पण याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. कामगंध सापळा (मादीच्या वासाने नराला ओढणारा) लावायचा तर वांग्याच्या अळीचीच ल्युर, म्हणजे वासाचे आमिष, मागा. सापळ्यात फक्त नर पतंग येतात, म्हणून एक-दोन सापळ्यांनी कीड संपत नाही. ती आली आहे हे कळते.

दोडका, कारली पिवळी पडून सडतात.

फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. सडकी फळे खताच्या खड्ड्यात टाकू नका, अळ्या तिथल्या मातीत कोष करून माशा होऊन परत येतात. घट्ट बांधलेल्या पिशवीत भरून कडक उन्हात ठेवा. वेलाखालची माती अधूनमधून हलवा. नवी फळे बोटाएवढी असतानाच कागदी पिशवीत झाका. सापळ्यात क्यूल्युर हे आमिष हवे. आंबा-पेरूसाठी मिळणारे मिथाइल युजेनॉल वेलभाज्यांवरच्या या माशीला ओढत नाही, आणि अनेकजण तेच आणतात.

टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा. आणि शेजारचे एक झाड चुरडून गेले आहे.

रेषा पान आतून पोखरणाऱ्या नागअळीच्या. खालची दोन-चार पाने तोडली की पुरे. चुरडलेल्या झाडाला पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू लागला असेल तर ते कोणत्याही अर्काने बरे होत नाही. उपटून टाका, उरलेल्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावा. पुढच्या हंगामात रोपे बारीक जाळीखाली तयार करा.

गोगलगायी.

संध्याकाळी वाफ्यात ओली गोणपाटे अंथरा. पहाटे उलटून खाली जमलेल्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वाफ्यात मीठ भुरभुरू नका, माती खराब होते. बादलीतले पाणीही वाफ्यापासून लांब ओता.