चारचौघींत राहा

चि. लेकीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि झोप उडाली. एम.एस्सी.ला नंबर लागला, त्याबद्दल अभिनंदन करत बसत नाही, तो लागणारच होता. पण केगावला सोलापूर विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायचं, जुळे सोलापुरात गावाकडच्या दोघींबरोबर रूम घ्यायची, की अप्पा म्हणतात तसं अक्कलकोटहून रोज एसटीनं येऊन-जाऊन करायचं, यावर तू आठवडाभर अडून बसलीस, हे मला पटलं नाही.

अपडाऊनचा विचार आधी काढून टाक. अक्कलकोट रस्ता शहराच्या एका अंगाला, केगाव पुणे रस्त्यावर पार दुसऱ्या अंगाला. स्टँडवर उतरायचं, पुन्हा गाडी बदलायची, संध्याकाळी तोच उलटा प्रवास. प्रॅक्टिकल लांबलं की तुझा जीव ब्युरेटवर कमी आणि घड्याळात जास्त. विभागातलं खरं बोलणं तासिका संपल्यावर सुरू होतं, आणि नेमकी तेव्हा तू गाडीत उभी असशील.

राहिली रूम. 'बाई, तिथं सगळ्या आपल्याच आहेत, अ‍ॅडजस्ट करायला लागणार नाही,' असं तू लिहिलंस. अगं, म्हणून तर ती नको! एका गावच्या, एका भाषेच्या, एका पंगतीत वाढलेल्या तिघी मिळून खोली घेतली, तर तू अक्कलकोट सोडलंस कुठे? चारचौघींत राहा. आपल्या नसलेल्या चारचौघींत.

मी रेक्टर होते तेव्हा एका तालुक्याच्या दोन मुली एका खोलीत टाकत नसे. पालक भांडायला यायचे, आमच्या संस्थेतल्या वरिष्ठांनीही मला हेकट म्हणून घेतलं. मी ऐकलं नाही. आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. करमाळ्याची, बार्शीची आणि तुमच्याच भागातली कानडी बोलणारी अशा तिघी एका खोलीत होत्या. एकीला पहाटे चारला उठून वाचायचं, दुसरीला रात्री दोनपर्यंत दिवा हवा. पंधरा दिवस धुसफूस चालली, दोघी वेगवेगळ्या येऊन माझ्याकडे रडून गेल्या. मी खोली बदलून दिली नाही. मग एक दिवस पाहते तर टेबललॅम्पला चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आडोसा केलेला, आणि भिंतीवर वेळा लिहिलेला कागद, त्याखाली तिघींच्या सह्या. तो पुठ्ठा कुणी शिकवला नव्हता. पुढे कानडी मुलीचा सेमिनार होता तेव्हा बार्शीच्या मुलीनं तिच्याकडून तो चार वेळा मोठ्यानं म्हणवून घेतला. तूही मराठीत उभं राहून बोलायला कचरतेस. रूमवर तुला कोण बोलतं करणार?

माझं स्वतःचं पहिलं वर्ष आत्याकडे गेलं, वडिलांचा तसा हुकूम होता. आत्या मायाळू होती, पण कॉलेज सुटलं की घर, आणि घरात माझ्या वयाचं कुणी नाही. वर्गातल्या मुली रात्री जेवणानंतर कशावर भांडतात, हे मला दुसऱ्या दिवशी तुकड्यातुकड्यानं कळायचं. त्या वर्षाची चुटपुट अजून जात नाही. माझ्या हट्टाचं मूळ तिथं असेल तर असू दे.

आणि हा माझ्या एकटीचा हट्ट नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली, कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू करून सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. डोक्यावर नुसतं छप्पर द्यायचं असतं, तर एवढा खटाटोप कशाला केला असता? मुलांनी एकत्र राहावं, हेच तर शिक्षण होतं.

आता व्यवहाराचं. वसतिगृहाचा अर्ज विभागातल्या प्रवेशापेक्षा वेगळा असतो. प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली असं धरून बसू नकोस, त्याच दिवशी ऑफिसात विचार. मेसचे पैसे खोलीच्या भाड्यात आहेत की निराळे, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, तेही विचार. रॅगिंगची धास्ती अप्पांना असेल, तर सांग की महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि प्रवेशाच्या वेळी प्रत्येकीकडून लेखी हमी घेतात.

समजा वसतिगृहात नंबर लागलाच नाही, तर शहरात कॉट बेसिसवर जागा बघ, पण अनोळखी मुलींबरोबर. बघायला गेलीस की आधी पाण्याचं विचार. सोलापुरात नळाला काही रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. टाकी केवढी, बोअर आहे का, पाण्याच्या दिवशी भरायचं कुणी, हे भाड्याच्या आधी ठरव. डिपॉझिटची पावती घे. लाइटबिल मीटरप्रमाणे की डोईप्रमाणे, तेही लिहून घे. तुझ्या मैत्रिणीचा शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणतेस, ती अनुसूचित जातीची असेल तर तिला स्वाधार योजनेचा अर्ज भरायला लाव. राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. मात्र पैसे आले म्हणून एकटीची खोली घेऊ नकोस, हे तिलाही सांग. चारचौघींत राहा म्हणावं.

एकांत मिळणार नाही, अभ्यास होणार नाही, हे मला सांगू नकोस. अभ्यासाला लायब्ररी आहे. भांडण होईल, बादलीवरून होईल, पंख्यावरून होईल, आईनं दिलेली शेंगाचटणी दोन दिवसांत संपेल. होऊ दे. आईला सांगून जास्तीची करून घे, कडक भाकरीही जास्त बांध.

अप्पांना मी उद्या सकाळी फोन करते. तू मध्ये बोलू नकोस. अर्ज मात्र तू भर, आणि भरलास की पोचपावतीचा फोटो मला पाठव.

तुझी,
बाई