'फारकत' कुठे चालेल, कुठे नाही

कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातल्या प्रोटेस्टंट चर्चवरचा लेख मराठीत आणताना 'चर्च आणि राज्य यांची फारकत' लिहावं की 'विभक्तता', असा प्रश्न आला आहे. शब्द म्हणून फारकतच सरस. पण त्या देशाच्या त्या काळाला तो लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

फारकत मूळची फारखत, म्हणजे सुटकेचा कागद. देणंघेणं मिटलं, यापुढे कुणाचा कुणावर हक्क नाही, हे लिहून द्यायचं. काडीमोडाचा अर्थ त्यातूनच आला. 'विभक्तते'त हिशेब मिटल्याचा भाव नाही. विभक्त झालेले भाऊ एकाच विहिरीवर पाणी भरतात.

आता प्रागच्या कम्युनिस्ट सरकारचे १९४९चे दोन कायदे बघा. चर्चच्या कारभारासाठी सरकारी कार्यालय उघडलं आणि पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मोपदेशकांचा, पगार सरकारी तिजोरीतून सुरू झाला. त्याबदल्यात राज्यनिष्ठेची शपथ घ्यायची आणि पाळकपण करायला सरकारची संमती मिळवायची. ती काढून घेतल्यावर कुणी उपदेश केला, तर 'चर्चवरील देखरेखीत अडथळा' हा फौजदारी गुन्हा. कॅथलिक बहुसंख्य देशात चेक ब्रदरन ही लहानशी प्रोटेस्टंट मंडळी, म्हणजे चर्च. सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ जानेवारी १९६९मध्ये स्वतःला पेटवून घेणारा विद्यार्थी यान पालाख याच मंडळीतला. त्याचा अंत्यविधी याकुब त्रोयान या पाळकांनी केला आणि १९७४मध्ये त्यांची संमती गेली. पगाराची दोरी अशी हातात ठेवणाऱ्या राज्याने फारकत घेतली असं कसं म्हणणार? इथे सरळ 'सरकारी अंकुश' लिहा. संमतीला 'परवाना' म्हणू नका, 'राज्यसंमती'च ठेवा. कायद्यातला शब्द तोच आहे.

सोव्हिएत रशियाचं प्रकरण वेगळं. १९१८च्या फर्मानात चर्च राज्यापासून आणि शाळा चर्चपासून वेगळी केल्याचं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून तिथे 'फारकतीचं फर्मान' चालेल. झारच्या काळात ऑर्थोडॉक्स चर्चखाली दबलेल्या बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथीयांना त्यात सुरुवातीला मोकळीकही दिसली. पण त्याच फर्मानाने चर्चचा मालमत्तेचा हक्क काढला आणि १९२९च्या कायद्याने नोंदणीची सक्ती आणली. त्यामुळे १९२९नंतरच्या मजकुरात 'नावापुरती फारकत' असं लिहावं.

चेक देशात फारकत शोभते ती २०१२च्या कायद्याला. त्यात जप्त मालमत्तेची परतफेड आहे, भरपाई आहे आणि सरकारी अनुदान टप्प्याटप्प्याने संपवण्याची तरतूदही आहे.