समुद्र उजव्या हाताला ठेव

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

येत्या उन्हाळ्यात मोटारसायकलने कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातील गास्पे द्वीपकल्पाला वळसा घालून यायचे तू ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र टोरांटोहून निघून पाच दिवसांत परतायचे, हे मला मुळीच पटलेले नाही. टोरांटोपासून सेंत-फ्लावीपर्यंतच सुमारे 1,100 किलोमीटर होतात आणि तिथून निघून तिथेच परत आणणारा 132 क्रमांकाच्या रस्त्याचा वळसा जवळजवळ 900 किलोमीटरचा आहे. जाण्यायेण्याला चार दिवस धर, वळशाला किमान सहा दिवस दे आणि एवढी रजा मिळत नसेल तर बेत पुढच्या वर्षावर टाक.

दिशेचा विचार आधी कर. बहुतेक लोक सेंत-फ्लावीहून उत्तर किनारा धरून पूर्वेला जातात. तू आधी दक्षिणेला वळून मातापेदिया नदीच्या खोऱ्यातून शालर उपसागराकडे उतर आणि उत्तर किनाऱ्याने परत ये. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे या दिशेने गेल्यास किनाऱ्यावरच्या संपूर्ण वाटेवर समुद्र तुझ्याच बाजूला राहतो आणि थांबावेसे वाटले की समोरून येणारी वाहने ओलांडावी लागत नाहीत. परतीच्या वाटेवर पश्चिमेचा वारा छातीवर येईल आणि दुपारनंतर ऊन डोळ्यांत जाईल, हे खरे. म्हणून उत्तर किनाऱ्यावरचा प्रवास सकाळी लवकर सुरू करून दुपारीच थांबव.

दुपारी थांबण्याचे याहून मोठे कारण मूस, म्हणजे हरणाच्या कुळातला उंच, प्रचंड प्राणी, हे आहे. पहिल्या वर्षी मीही तुझ्यासारखाच घाईत होतो आणि सेंत-आन-दे-मोंहून डोंगरात जाणाऱ्या 299 क्रमांकाच्या रस्त्यावर संधिप्रकाशात गाडी चालवत होतो. दिव्याच्या झोतात आधी फक्त चार काळे खांब दिसले. त्या खांबांवर धड आहे, हे कळेपर्यंत मी दोन्ही ब्रेक दाबले होते आणि मागचे चाक सरकू लागले होते. हरणाचे डोळे दिव्यात चमकतात, पण मूसचे डोके झोताच्या वर राहते आणि त्याचा गडद रंग रस्त्याच्या अंधारात मिसळून जातो. तो शांतपणे झाडीत गेला, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. त्या दिवसापासून सूर्य कलल्यावर मी त्या भागात गाडी चालवलेली नाही आणि तूही चालवू नयेस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तारखा ठरवताना जुलैचे शेवटचे दोन आठवडे टाळ. त्या काळात क्यूबेकमधील बांधकाम कामगारांना एकत्रित सुट्टी असते, निम्मा प्रांत किनाऱ्याकडे लोटतो आणि किनाऱ्यावरच्या पेर्से गावात खोली मिळणे कठीण होते. 1 जुलै हा तिथे घरे बदलण्याचा दिवस, म्हणून तो उलटल्यावर निघालास तर माँट्रियलमध्ये सामानाच्या ट्रकांची गर्दी लागणार नाही. उन्हाळा असला तरी किनाऱ्यावर धुके आणि गारठा असतो. जलरोधक हातमोजे आणि आतून घालायचा एक उबदार थर सोबत असलाच पाहिजे.

पेर्सेत दोन रात्री राहा. समुद्रात उभ्या असलेल्या त्या प्रचंड खडकाला एके काळी दोन कमानी होत्या. त्यांतली एक 1845 मध्ये कोसळली. समोरच्या बोनाव्हेंत्यूर बेटावर होडीने जाऊन एक लाखाहून अधिक गॅनेट या समुद्रपक्ष्यांची वसाहत बघ. जवळच्या सेंत-तेरेझ-द-गास्पे गावात फळ्यांवर उन्हात वाळत घातलेला खारवलेला कॉड मासा दिसेल. कोकणातल्या वाळत घातलेल्या बोंबलांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

फ्रेंच येत नाही, याची तुला वाटणारी भीती अनाठायी आहे, पण तयारी हवीच. दुकानात शिरताच आधी ‘बोंजूर’ म्हण आणि मगच इंग्रजीत बोलायला लाग. एवढ्याने समोरच्याचा चेहरा उजळलेला मी कितीदा पाहिला आहे. दक्षिण किनाऱ्यावर न्यू कार्लाइलसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बोलणारी कुटुंबेही आहेत. पंपावर ‘ऑर्दिनेर’ म्हणजे साधे पेट्रोल आणि ‘स्युपेर’ म्हणजे महागडे. फलकांवर पश्चिमेसाठी ‘उएस्त’ असते, ‘ओरिन्याल’ म्हणजे मूस आणि ‘त्राव्हो’ म्हणजे रस्त्याचे काम. हे तीन शब्द क्षणात ओळखता आले पाहिजेत. माँट्रियल बेटावर लाल दिवा असताना उजवीकडे वळायला मनाई आहे, हे टोरांटोच्या सवयीमुळे विसरू नकोस.

प्रवासी आरोग्यविमा अवश्य काढ. डॉक्टरांच्या बिलांसाठी प्रांताप्रांतांत जो परस्पर करार आहे त्यात क्यूबेक नाही, त्यामुळे टोरांटोच्या, म्हणजे ऑन्टॅरिओ प्रांताचे आरोग्यकार्ड दाखवले तरी तिथले डॉक्टर आधी तुझ्याकडूनच पैसे मागू शकतात.

मुक्कामांची यादी तयार झाली की पाठव. वळशावरच्या दोन मुक्कामांमधले अंतर 250 किलोमीटरच्या वर गेलेले दिसले तर तिथे मी लाल खूण करून परत धाडीन.

तुझा,
काका