पोरगं आळशी नाहीये, त्याला पळायला जागाच उरली नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे, उंची 134 सेंमी आणि वजन 42 किलो. वर्गात जाड्या म्हणतात म्हणून शाळेत जायला नको म्हणतो. सासूबाई म्हणतात खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची वाढली की उतरेल. नणंद म्हणते तूच लाडावलंयस. मी सातला घरी येते, शाळा-ट्यूशन दोन्हीला व्हॅन आहे, सोसायटीत खेळायची जागा होती तिथे आता पार्किंग झालंय. डाएट सुरू करू का?
– एक आई, वाकड

उत्तर : डाएट नको हो. आणि आधी स्वतःला दोष देणं थांबवा, तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. व्हॅन, वर्ग, ट्यूशन, परत व्हॅन आणि खाली गाड्या, ह्यात तो पळणार कधी? ह्या वयाच्या मुलांना दिवसाला निदान 60 मिनिटं दम लागेल असं खेळायला हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपण शहरातल्या मुलांचा तो एक तासच काढून घेतलाय. मला ह्याचा खरंच राग येतो.

सासूबाईंची माया खरी आहे पण हे वजन आपोआप उतरेल म्हणून थांबू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आसपासच्या गावांतली नवजात बाळं अभ्यासली, सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5, पण आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे आपल्याकडे मुळातच चरबीकडे कल, त्यात बसून राहणं आणि पाकिटातलं खाणं आलं की डायबेटिसचा धोका लवकर येतो.

आता खाणं. 250 मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण पाच-सहा चमचे साखर असते, ते आणि वेफर्स घरात आणूच नका, कोणासाठीच नाही, एकट्या त्याच्यापुढून ताट ओढलं तर तो लपून खाईल. शाळेतून आल्यावर आजींनी भाकरी-भाजी, थालीपीठ, शेंगदाणे-गूळ असं काहीतरी समोर ठेवलं तर चिप्सची आठवणही कमी होते. शाळेच्या गेटवर काय विकतात तेही बघा, कारण एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा बघणारी केंद्राची संस्था, तिच्या 2020 च्या नियमाप्रमाणे शाळेत आणि आवारापासून 50 मीटरपर्यंत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायला बंदी आहे, चार पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा. जाड्या म्हणण्याचं वर्गशिक्षिकेला त्याच दिवशी सांगा, त्याच्यासमोर मात्र वजनाचा विषय काढू नका.

ह्या वयात वजन उतरवायची घाई नसते, ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली तरी खूप झालं. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, मानेच्या मागे काळसर जाड पट्टा दिसत असेल तर ह्याच आठवड्यात, ती डायबेटिसच्या धोक्याची खूण असू शकते. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये लेखी विषय द्या, संध्याकाळी साडेपाच ते सात त्या जागेत गाड्या नकोत, बाकीच्या आयाही सही करतील बघा.