सगळं कळतं, तरी करत का नाही?

"मॅडम, हिला सगळं कळतं, तरी करत नाही." नैराश्याच्या रुग्णाला घेऊन येणारे घरचे हे हमखास म्हणतात. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका गृहस्थांनीही तेच ऐकवलं. वर्षानुवर्षं पहाटे कमाटीबागेत चालणारी त्यांची बायको. आता गोळ्या चालू, आणि अंघोळीलाही दुपार होते. हे रोज सहाला उठवणार, ती पांघरूण ओढणार, मग वादावादी.

मी ताईंना विचारलं, "फिरायला जायचं म्हणजे काय काय करायचं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "उठायचं. दात घासायचे. कपडे कुठले ते ठरवायचं. केस. दोन जिने. खाली शेजारीण 'केम छो' म्हणणार. तिला 'मजामां' म्हणायचं. हसून."

नवऱ्याच्या लेखी ते एकच काम होतं. ताईंच्या लेखी सहा, त्यात शेवटचं सगळ्यात जड.

माझ्या मते गोम इथेच आहे. एरवी ही कामं हातासरशी उरकतात. नैराश्यात प्रत्येकासाठी नव्यानं बळ आणावं लागतं, आणि करून बरं वाटेल ही खात्रीही नसते. पीटर ल्यूइनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात हेच चक्र मांडलं: कामं सुटतात, त्यातून मिळणारं समाधान आटतं, म्हणून आणखी कामं सुटतात. मी त्याच वळणाची. मन लागायची वाट बघत बसू देत नाही.

सकाळ आम्ही सोडूनच दिली. नैराश्यात अनेकांना सकाळच जड जाते, त्यात रात्रीच्या गोळीची गुंगी. (गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.) ठरलं एवढंच: संध्याकाळी, गाउनवरच, गच्चीपर्यंत.

पुढच्या खेपेला ताई सहज म्हणाल्या, "गच्चीत गेले होते. कपडे वाळले होते, काढून आणले."

"कपड्यांचं मी सांगितलंच नव्हतं!" नवरा म्हणाला. मीही नव्हतं सांगितलं. एका कामानं दुसरं ओढून आणलं होतं. शिकायला येणाऱ्या मुलींना मी हा प्रसंग आवर्जून सांगते.

आता त्या अधूनमधून कमाटीबागेतही जातात, संध्याकाळी.

घरच्यांनी "आधी कशी होतीस" म्हणू नये, आणि कौतुकाचा गजरही नको. त्यानं उद्याचं ओझं वाढतं. वाईट दिवसाचं आधीच ठरवून ठेवा: अंघोळ नाही तर तोंड धुणं, पोळीभाजी नाही तर दहीभात. चुकलेल्या दिवसाची भरपाई मागू नका. आणि सोबत चालायला गेलात, तर गोळी घेतलीस का, हे तेवढ्या वेळात विचारू नका.