स्वतःचा मोडेम चालेल का?

प्रश्न : कंपनीचा मोडेम परत करून स्वतःचा लावला. दिवे लागतात, पण इंटरनेट येत नाही. मोडेमच बिघडलेला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. केबलच्या जोडणीत कंपनी ओळखते तो मोडेमचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो खात्यावर नोंदवला नसेल, तर सिग्नल मिळूनही सेवा सुरू होत नाही. खोक्यामागच्या चिकटपट्टीवरचा १२ अक्षरी पत्ता ग्राहक सेवेला कळवा. ८ आणि बी यांत गल्लत होते, म्हणून दोनदा वाचून दाखवा. नोंद झाल्यावर मोडेम बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडा वेळ थांबा. घाईने रीसेट दाबत राहू नका. खरं तर खरेदीआधीच कंपनीची मान्य मॉडेलांची यादी पाहायला हवी. नव्याने घेणार असाल तर डॉक्सिस (केबल मोडेमचं तांत्रिक मानक) ३.१ चाच घ्या.

नोंदणीनंतरही जोडणी तुटत राहिली, तर वाटेतला स्प्लिटर (एका तारेचे फाटे करणारा जोड) काढून पाहा. दोन फाट्यांचा स्प्लिटर सुमारे ३.५ डेसिबल सिग्नल खातो. तारेच्या टोकाचा पेच हातानेच, पण घट्ट आवळा.

फायबर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भिंतीवरचं ओएनटी (फायबरचा सिग्नल बदलून देणारं यंत्र) सहसा कंपनीचंच ठेवावं लागतं. बदलता येतो तो राउटर. ओएनटी ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम तुमचाच राउटर करेल, नाहीतर दुहेरी नॅट (पत्त्यांची दोनदा अदलाबदल) होऊन गेम आणि घरचे कॅमेरे अडतात. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) असल्यास युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन (जाळ्यातल्या वेगळ्या विभागाचा) क्रमांक आधीच मागून घ्या, राउटरमध्ये एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवा. जुना मोडेम परत केल्याची पावती मात्र जपून ठेवा, भाडं त्यानंतरही लागू शकतं.